'लाकडाचा बँडसॉ घ्या, फक्त ब्लेड बदला' या सल्ल्याला उत्तर

चाकू-सुऱ्या बनवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय. नाशिकमधल्याच चार जणांनी मला तो पाठवला. त्याचं सार असं: धातू कापायच्या बँडसॉवर (दोन चाकांवर अखंड पट्टीसारखा ब्लेड फिरवणाऱ्या करवतीवर) पैसे घालवू नका. लाकूड कापायचा स्वस्त बँडसॉ घ्या, बायमेटल (कठीण पोलादाचे दात जोडलेला) ब्लेड चढवा, वरून तेल सोडत राहा, ट्रकच्या पाट्यासकट (स्प्रिंगच्या पट्टीसकट) काहीही कापा. मोठ्या दातांचा ब्लेड घ्या, भराभर कापतो. आणि तेवढंही नको असेल तर चार इंची ग्राइंडर पुरेसा आहे.

पाठवणाऱ्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण नवीन मुलं कर्ज काढून, घरच्यांना समजावून मशीन घेतात. त्यांचे पैसे असे वाया जाताना बघवत नाही, म्हणून लिहितोय. हाच सल्ला मी स्वतः मानला होता.

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या गाळ्यात काम सुरू केलं, तेव्हा बारा इंची चाकांचा एक वापरलेला लाकडाचा बँडसॉ घेतला. नवा कोरा बायमेटल ब्लेड चढवला आणि पाच मिलिमीटर जाडीची ईएन-45 (स्प्रिंगच्या पोलादाची) पट्टी पुढे सरकवली. पहिलं बोटभर अंतर झकास गेलं. मग कीस चंदेरीचा पिवळट झाला, पिवळट होता तो निळा झाला, आवाज किंचाळल्यासारखा चढला आणि पट्टी पुढे जायचीच थांबली. मशीन बंद करून दातांवरून नख फिरवलं तर अडलंच नाही. दातांची टोकं घासून सपाट, आरशासारखी चमकत होती. शेजारच्या गाळ्यातले टूलरूममधून निवृत्त झालेले काका येऊन बघून गेले. एवढंच म्हणाले, "ब्लेडला का दोष देतोस? चाक किती फिरतंय ते मोज."

मोजल्यावर सगळा उलगडा झाला. लाकडाच्या बँडसॉचा ब्लेड मिनिटाला साधारण 900 मीटर धावतो. नरम केलेलं हाय कार्बन पोलाद बायमेटल ब्लेडने कोरडं कापायचं तर 25 ते 45 मीटर हवेत. म्हणजे निदान वीस पट जास्त वेग. बायमेटल ब्लेडचे दात कोबाल्ट मिसळलेल्या हायस्पीड स्टीलचे असले तरी त्या वेगाला दाताच्या टोकाशी जी उष्णता तयार होते, ती सोसणं त्यांना शक्य नाही. ब्लेड कितीही भारी आणला तरी हा हिशोब बदलत नाही.

मग कोणी म्हणतं, व्हीएफडी (विजेची वारंवारता बदलून मोटारीचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) लावू. लावून बघा. वीस पट कमी करायला 50 हर्ट्‌झवरून अडीच हर्ट्‌झवर यावं लागतं. तिथे मोटारीचा पंखा जेमतेम फिरतो, मोटार तापते आणि जोर वाढत नाही. पोलाद कापायला वेग कमी आणि जोर जास्त लागतो, आणि तो मिळतो गिअर किंवा पुलीतून. बारा इंची चाकाचा परीघ साधारण 96 सेंटिमीटर. 45 मीटरसाठी ते चाक मिनिटाला साधारण 47 वेळा फिरायला हवं. मोटार 1440 आरपीएमची असेल तर 30 ला 1 चा वर्म गिअरबॉक्स जवळपास बरोबर बसतो. ज्याला फिटिंगची आवड आहे त्याने हे जरूर करावं. फक्त गिअरबॉक्स, कपलिंग, नवं माउंटिंग आणि लेथवाल्याची मजुरी धरली की 'स्वस्त' मशीन स्वस्त राहत नाही. हे मेसेजमध्ये कुठेच नाही.

तेलाचं म्हणाल तर ते योग्य वेगाला मदत करतं, वेगाची जागा घेत नाही. शिवाय लाकडाच्या मशीनमध्ये चाकांवर रबरी टायर असतात. तेलाने ते फुगतात आणि ब्लेड चाकावरून सरकायला लागतो. आत लाकडाचा जुना भुसा साचलेला असेल तर गरम कीस पडून आग धुमसायला वेळ लागत नाही. तेल ओतण्यापेक्षा ब्लेडला अधूनमधून मेणाची कांडी लावा.

आता पाटा. आपल्याकडे कोयते पाट्याचेच होतात आणि उत्तम होतात, यात वाद नाही. पण पाटा गाडीखाली असतो तेव्हा तो कडक केलेलाच असतो. तो तसाच बँडसॉवर धरणं म्हणजे दातांची झीज विकत घेणं. कुठल्याही जुन्या लोहाराला विचारा, तो आधी पाटा लाल करून राखेत पुरेल. चुंबक चिकटायचं थांबतं ती खूण साधारण 770 अंश सेल्सिअसची. त्याच्या थोडं पुढे न्यायचं आणि कोरड्या राखेत रात्रभर हळूहळू थंड होऊ द्यायचं. सकाळी कानस चालवून बघायची. कानस चावली तर ब्लेडही चावेल. वापरलेल्या पाट्यात थकव्याच्या बारीक भेगा असू शकतात, तेही बघा. गिऱ्हाईकाला विकायच्या सुरीसाठी मी नवीन पट्टीच घेतो.

मोठ्या दातांचा सल्ला लाकडातून आलाय. पत्र्यात आणि पट्टीत नियम उलटा: कापताना किमान तीन दात धातूच्या जाडीत असले पाहिजेत. नाहीतर कड दोन दातांच्या मधल्या खाचेत अडकते आणि दात ओळीने तुटतात. 18 टीपीआयला (टीपीआय म्हणजे एका इंचातले दात) दोन दातांमधलं अंतर 1.4 मिलिमीटर, म्हणजे चार-साडेचार मिलिमीटरच्या पट्टीला ते बरोबर. पाच-सहाला 14 टीपीआय चालतो. नाशिकच्या द्राक्षवाल्यांसाठी मी कलमाचे चाकू करतो. डॉगरिज खुंटावर कलम भरायचा हंगाम जवळ आला की मागणी वाढते. तो पत्रा अडीच मिलिमीटरचा, तिथे 24 टीपीआयसुद्धा कमी पडतो. मी दोन पत्रे एकमेकांवर टॅक करून (वेल्डिंगच्या ठिपक्यांनी जोडून) एकदम कापतो. दात टिकतात आणि एका कापणीत दोन चाकू निघतात. आणखी एक: अर्धा इंची ब्लेड साधारण अडीच इंच त्रिज्येपेक्षा आखूड वळण घेत नाही. मुठीकडची आखूड वळणं काढायची तर पाव इंची ब्लेड हवा किंवा तिथे आधी ड्रिलने भोकं पाडावीत.

ग्राइंडरबद्दल मला न्यायाने बोलायचंय. महिन्याला दोन सुऱ्या करणाऱ्याला ग्राइंडर आणि हॅक्सॉ पुरे, त्याने बँडसॉ घेऊच नये. बँडसॉने माल फार वाचतो असं सांगणारेही अतिशयोक्ती करतात, कारण पातळ चकतीची चीरसुद्धा मिलिमीटरभरच असते. फरक दुसरीकडे आहे. चकती सरळच जाते, वळण तुकड्या-तुकड्याने काढून पुढे ग्राइंडिंगच्या बेल्टवर घासावं लागतं, आणि बेल्ट महाग आहेत. ईएन-31 सारख्या (बेअरिंगच्या) पोलादाची कड चकतीने तापते आणि आजूबाजूच्या थंड धातूमुळे झटकन कडक होते. मग तिथे कानस नुसती घसरते. आणि 11,000 आरपीएमवर शंभर मिलिमीटरच्या चकतीची कड ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगाने फिरत असते. वळण काढायला ती तिरकी दाबली आणि फुटली, तर तुकडा त्याच वेगाने चेहऱ्याकडे येतो. गार्ड काढून काम करणारी पोरं मी रोज बघतो, आणि दर वेळी पोटात गोळा येतो.

मग घ्यायचं काय? बजेट लहान असेल तर वेग कमी-जास्त करता येणारा पोर्टेबल बँडसॉ घ्या, तो लोखंडी स्टँडवर उभा बसवा आणि वर सहा मिलिमीटरच्या प्लेटचं टेबल करा. अनेक मशीनना 1140 मिलिमीटरचा ब्लेड लागतो, घसा (ब्लेडपासून फ्रेमपर्यंतची जागा) 125 मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे पट्टीतून सुरी काढायला भरपूर. उभा केला की दात उघडे पडतात, त्यामुळे खालचा भाग झाका, लाकडी ठोकळ्याने ढकला, हातमोजे घालू नका. जागा आणि पैसे थोडे जास्त असतील तर आडवा-उभा दोन्ही चालणारा चार बाय सहा इंची बँडसॉ. त्यात पुली बदलून मिनिटाला साधारण 24, 36 आणि 60 मीटर असे तीन वेग मिळतात. हे वेग पोलादासाठीच ठरवलेले आहेत. नवीन ब्लेडला पहिली काही मिनिटं निम्म्या दाबाने चालवा. कीस चंदेरी आणि वळलेला पडला की दाब बरोबर, भुकटी पडली तर दाब कमी, निळा पडला तर लगेच थांबा.

जुनं मशीन बघायला नाशिकच्या अंबडला किंवा लिंक रोडला गेलात तर विकणाऱ्याच्या 'सगळं कापतं' वर विसंबू नका. खिशात आपली पट्टी ठेवा आणि मशीन रिकामं चालवून कान लावा. ब्लेडचा वेल्ड गाइडमधून जाताना टक् असा आवाज येतो. घड्याळ लावून मिनिटभर ते टक् मोजा आणि ब्लेडच्या लांबीने गुणा. 1140 मिलिमीटरच्या ब्लेडला चाळीसच्या आत टक् पडले तर वेग 45 मीटरच्या आत आहे, आता खिशातली पट्टी काढा. आवाज मोजताच येत नसतील इतके सलग येत असतील, तर ते मशीन सुताराला लागेल.