एसी आणि पेनाचं टोपण

आमची प्रीमियर पद्मिनी १९८९ची. बाबा तिला अजून फियाटच म्हणतात. त्यांनी हौसेनं डॅशबोर्डखाली एसी बसवून घेतला होता. इंजिन १०८९ सीसीचं, त्याच्या मानेवर कॉम्प्रेसरचं जू, त्यामुळे घोडबंदर रोडला गायमुखचा चढ आला की बाबा गरजायचे, "एसी बंद!" आणि आम्ही पोरं काचा खाली करून घाम पुसत बसायचो. पुढे एसीनं गार हवा द्यायचं सोडलं, नुसती घरघर राहिली.

यंदा एप्रिलात मी म्हटलं, गॅस भरून घेऊ. माजिवड्याच्या मेकॅनिकनं बॉनेट उघडलं आणि श्राद्धाला आल्यासारखा चेहरा केला.

"साहेब, हिच्यात आर-१२ गॅस. तो आता नाय मिळत."

१९८७च्या मॉन्ट्रियल करारानं ओझोनचा थर विरवणाऱ्या वायूंना हद्दपार करायचं ठरलं, हे मी शाळेत पाठ केलं होतं, दोन मार्कांना. त्याचं बिल नौपाड्यात येईल असं बाई बोलल्या नव्हत्या.

"मग?"

"१३४ए टाकू. पण..."

तो 'पण' तीन आठवडे चालला. नवा गॅस जुन्या मिनरल ऑइलशी बोलत नाही, म्हणून ऑइल बदला. जुन्या रबरी पाइपांतून तो झिरपतो, म्हणून पाइप बदला. सिस्टिम उघडली की ड्रायर नवा हवाच. आतले दाणे हवेतली ओल पिऊन फुकट जातात, आणि ठाण्यात त्यांना प्यायला काय कमी! गॅसचा दाब जास्त, म्हणून कंडेन्सर मोठा. मुंज एका बटूची आणि पंगतीला सगळं गोत्र, तसं झालं. रोज संध्याकाळी मेकॅनिक माझ्या तळहातावर एक काळी, चपटी झालेली ओ-रिंग, म्हणजे पाइपांच्या सांध्यातलं रबरी कडं, ठेवायचा आणि शेजारी नवी हिरवी. "फरक बघा." मी बघायचो. मला फरक फक्त रंगाचा दिसायचा, पण मान जोरात हलवायचो.

जुन्या कॉम्प्रेसरचा सील गळत होता. नवा रोटरी आणला, तर तो जुन्या ब्रॅकेटवर बसेना. ब्रॅकेट शोधायला कुर्ल्याच्या भंगार बाजारात गेलो. फियाटचं माहेर कुर्लाच. कारखाना गेला, पण भंगारवाल्यांनी नातं राखलंय. एकानं ढिगातून गंजका तुकडा काढला, पायजम्याला पुसला आणि असा भाव सांगितला की मला वाटलं, तुकड्याबरोबर गाडीही देतोय.

मग कूलिंग कॉइल. ते काढायला बाबा स्वतः गॅरेजात खुर्ची टाकून बसले. खोक्यातून सुकलेली पानं, उंदरानं कुरतडलेला कापूस, आणि शेवटी टिंग करून एक सोनेरी टोपण पडलं. बाबांच्या पेनाचं. सातवीत असताना याच टोपणापायी मी मार खाल्ला होता आणि सुट्टीभर मामाकडे जाणं रद्द झालं होतं.

"मी तेव्हाच म्हणालो होतो, गाडीत पडलं असेल," बाबा म्हणाले.

इतका निखळ खोटेपणा मी आयुष्यात ऐकला नव्हता. पण तेवढ्यात मेकॅनिकनं व्हॅक्यूम पंप लावला आणि अर्धा तास आम्ही तिघं गेजचा काटा हलतो का ते श्वास रोखून बघत राहिलो. काटा हलला नाही, म्हणजे गळती नाही. गॅस भरला. जाळीतून गार वारा आला तेव्हा आईनं पदर अंगाभोवती घेतला, आणि बिल बघून मलाही थंडी वाजली.

रविवारी सगळे निघालो. कासारवडवलीपर्यंत महाबळेश्वर. पुढे गायमुखचा चढ, पुढे ट्रक, मागे ट्रक, आणि टेंपरेचरचा काटा सरकत वर.

"एसी बंद!"

काचा खाली केल्या. ट्रकचा धूर सरळ तोंडावर. बाबांनी खिशातून ते टोपण काढलं, उन्हात फिरवून पाहिलं आणि माझ्याकडे वळले.

"आणि पेन कुठे ठेवलंयस?"