बिलिंग काउंटरवरची मुलगी तुमची नोकर नाही!

झालं, आज माझा संयम संपला. महिन्याच्या पहिल्या रविवारी सुपरमार्केटात ही रांग! माझ्या पुढचे काका कानाला फोन लावून उभे. काउंटरवरच्या मुलीने दोनदा विचारलं, "सर, पिशवी हवी का?" उत्तर नाही. बिल झाल्यावर मात्र, "पिशवी कुठंय? आधी सांगता येत नाही?" आणि पाचशेची नोट तिच्या हातात न देता काउंटरवर फेकली. नोट घसरून खाली पडली. तिने वाकून उचलली. तिच्या दोन बोटांना चिकटपट्टी होती.

अरे, हातात नोट द्यायला काय जातं?

हीच माणसं मेट्रोच्या तिकीट मशीनने नोट परत फेकली की ती मांडीवर घासून सरळ करतात आणि निमूट पुन्हा घालतात. मशीनपुढे एवढा धीर, आणि माणसापुढे? बारकोड लागला नाही, ओरडा तिच्यावर. ऑफर काल संपली, ओरडा तिच्यावर. सर्व्हर बंद पडला, तोही तिनेच पाडला का? वर "यापेक्षा मशीन बसवा" म्हणून टोमणा!

दिवसभर उभी असते हो ती. दुकानातल्या कामगारांना बसायला जागा द्या, हे केरळला २०१८ मध्ये आणि तमिळनाडूला २०२१ मध्ये कायद्यात लिहावं लागलं. आमच्या दुकानात तिच्यामागे साधं स्टूलसुद्धा नाही. त्याबद्दल मॅनेजरला कुणी झापलंय कधी? मी आज विचारून आले. पुढच्या रविवारी पुन्हा विचारणार.