२० इंची नळीबद्दलच्या तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार ताई,

मुलीच्या ५० मीटर नेमबाजीसाठी तुम्ही २६ इंची नळीची पॉइंट टू टू रायफल मागितली होती. आम्ही २० इंची गळ्यात मारली, गोळीचा वेग कमी पडतो आणि तिचे गुण घसरले, असं तुम्ही लिहिलंय. गुण घसरले यात आमची चूक आहे, ती आधी सांगतो.

त्या रायफलच्या नळीपुढे सहा इंचांची पोकळ नळी बसते आणि माशी, म्हणजे पुढचं नेमयंत्र, तिच्या टोकावर येते. तुम्ही रायफल नेलीत तेव्हा ही जोडनळी आमच्याकडे शिल्लक नव्हती. माशी मूळ नळीवरच बसवून आम्ही रायफल दिली आणि तुम्हाला काही सांगितलंही नाही. हे व्हायला नको होतं. माफ करा.

याने किती फरक पडतो ते बघा. पीप (डोळ्याजवळचं, बारीक छिद्राचं मागचं नेमयंत्र) आणि माशी यांत ७०० मिलिमीटर अंतर असेल, तर जुळणीतली ०.१ मिलिमीटरची चूक ५० मीटरवर ७ मिलिमीटरची होते. अंतर ८५० झालं की तीच चूक ६ मिलिमीटरच्या आत येते. लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ असतं जेमतेम १०.४ मिलिमीटर व्यासाचं! एवढ्यात दहाचा नऊ होऊ शकतो. म्हणजे तुमच्या मुलीला नेम धरणं खरंच अवघड गेलं असणार, ती उगाच म्हणत नाहीये.

वेगाचं मात्र मला पटत नाही. या काडतुसात दारू इतकी थोडी असते की साधारण १६ ते १९ इंचांत तिचं काम संपतं. पुढे गोळी नळीला घासतच जाते. वेग वाढला तर किंचित, कधी उलट कमीच होतो. जो थोडा फरक पडतो तो पीपचा स्क्रू दोन-चार क्लिक फिरवला की निघतो. अचूकता ठरते ती चेंबर (काडतूस बसतं ती जागा), नळीच्या तोंडाची कड आणि काडतुसांचा लॉट यांवर. लांबी वाढली की त्याच जाडीची नळी जास्त लवते, हेही आहेच. तुमच्यासमोरच रायफल शिकंज्यात आवळून पाच गोळ्या झाडल्या होत्या. पाचही भोकं अंगठ्याच्या नखाखाली झाकली गेली होती.

आता २० इंची का सुचवली ते. तुमच्या मुलीने त्या दिवशी २६ इंची, जाड नळीची रायफलही धरली होती. प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून, छान जमलं. स्टँडिंगला, म्हणजे उभ्याने, तिसऱ्या शॉटनंतर रायफलचं नाक खाली जाऊ लागलं, डावं कोपर कमरेवरून सुटलं आणि ते सावरायला ती पाठीतून मागे वाकायला लागली. मी बाजूलाच उभा होतो. वाढत्या वयात अशी पाठ वाकवायची सवय लागली की नंतर मोडता मोडत नाही, म्हणून मी अडून बसलो. जोडनळी हलकी असते, त्यामुळे माशी पुढे जाते आणि वजन तिच्या हाताबाहेर जात नाही.

ती नळी आता आली आहे. बसवून, झिरो करून (नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी जुळवून) देतो, त्याचे पैसे नाहीत. २६ इंचीही शेजारी ठेवतो. दोन्हींवर तिन्ही पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, प्रोन, स्टँडिंग) वीस-वीस शॉट मारू दे. तरीही तिला लांबच बरी वाटली, तर बदलून देईन. फक्त येताना तिचं जाकीट आणि नेमबाजीचे बूट आणा. त्यांच्याशिवाय स्टँडिंगचा तोल कळत नाही.