अर्ध्या पैशाचं लचांड

इंदूरला राजवाड्याजवळ मामाचं नमकीनचं दुकान आहे. त्याला जीएसटीचं बिल छापणारा प्रोग्रॅम मी फुकटात लिहून दिला. फुकटाचं काम आयुष्यभर निस्तरावं लागतं, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

रविवारी रामबागेतल्या घरी पोह्यांवर जिरावण भुरभुरत होतो, तेवढ्यात फोन. "भाच्या, तुझं मशीन पैसा खातंय!"

लवंग शेवेचा ४१ रुपयांचा पुडा. अडीच टक्के केंद्राचे, अडीच राज्याचे. मामाच्या वहीत एकेक वाटा १.०२५, म्हणून १.०३. माझ्या बिलात १.०२.

रात्री खोदलं. एक भागिले तीन दशांशात लिहायला बसलो की आपले तीन संपत नाहीत. बायनरीत, म्हणजे नुसत्या शून्य-एकात, कॉम्प्युटरचं १.०२५ चं तेच होतं. तो १.०२४९९९९९९९९९९९९९ असं काहीतरी धरतो आणि म्हणतो, अर्ध्याला पोचलं नाही, सोडा. मामाला हे समजावलं. "एवढी खोट माझ्या तागडीतही नाही," तो म्हणाला.

आकडे असे बायनरीत धरणारा फ्लोट हाकलून, ते आपल्यासारखे दशांशात धरणारा डेसिमल आणला. आकडा नेमका १.०२५. बिलात? १.०२! मी प्रोग्रॅम ज्या भाषेत लिहिला त्या पायथनचा डेसिमल, वेगळं सांगितल्याशिवाय, बँकर्स राउंडिंग करतो: बरोबर अर्धं आलं की शेजारच्या सम अंकाकडे. दर वेळी वर ढकललं तर बेरीज फुगत जाते, म्हणून. तसा शहाणपणाचा नियम आहे, पण तो मामाला कोण सांगणार?

"ते बँकेत. माझ्या दुकानात अर्धं म्हणजे वर."

केलं वर. १.०३ आणि १.०३. मामा खूश. मी लॅपटॉप मिटणार, तोच गल्ल्यावरून मामी म्हणाली, "४१ चे पाच टक्के २.०५ होतात ना रे? हे २.०६ कुठून आणलेस?"

आधी २.०४ येत होते, आता २.०६. खरं उत्तर मधोमध बसलेलं, आणि दोन सारख्या वाट्यांत ते मांडायचं तर अर्धा पैसा लागतो. तो ना टांकसाळीत आहे, ना माझ्या प्रोग्रॅममध्ये.

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. बिल ४३.०६, खाली राउंड ऑफ, द्यायचे ४३. मनात हिशोब केला: ४३.०४ असते तरी ४३ च. ४३.०५ असते तरी ४३ च.

त्याने पन्नासची नोट दिली. मामाने पाचचं नाणं परत केलं आणि उरलेल्या दोन रुपयांच्या गोळ्या त्याच्या हातावर ठेवल्या.