दाजी, औटाच्या मधनं काढा की!

ज्याच्या हातात ड्रोनचा रिमोट असतो, त्याला आतषबाजी दिसत नाही. त्याला दिसते बॅटरीची टक्केवारी, वाऱ्याचा लाल इशारा आणि खांद्यावरून स्क्रीनमध्ये घुसलेली मेहुण्याची हनुवटी. डोक्यावर आभाळ फुटत असतं, अख्खा गाव 'ओऽऽ' करत असतो, आणि आपण तळहाताएवढ्या काचेवर काळ्या रंगात काळं काहीतरी शोधत असतो.

माझी सासुरवाडी सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यात. शेजारीच कवठेएकंद. दसऱ्याच्या रात्री तिथं सिद्धराजाच्या पालखीपुढे जे दारूकाम होतं, ते दुकानातून खोकं आणून वात पेटवण्याचं काम नव्हे. गावातली मंडळं स्वतः खपून ते तयार करतात. आभाळात जाऊन फुटणारे औट, शिंगटं, चक्रं, झाडं! कार्यक्रम रात्रभर चालतो आणि पाहुण्यांनी घरं फुलून जातात. मी जावई म्हणून दरवर्षी स्लॅबवर खुर्ची टाकून, मांडीवर चिवड्याची ताटली घेऊन हा सोहळा अतिशय सुखानं बघत असे. तेवढ्यात मेहुण्याला कळलं की मी ड्रोन घेतलाय.

"दाजी, यंदा वरनं घ्यायचं."

सासुरवाडीत जावयाला मान असतो, पण नाही म्हणायचा अधिकार नसतो.

आधी कागदपत्रं. आपल्याकडे ड्रोनचे नियम २०२१ साली आले. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन त्यात 'नॅनो' ठरतो आणि तो उडवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. कंपन्या २४९ ग्रॅमचे ड्रोन का काढतात याचं उत्तर त्या एका ग्रॅममध्ये आहे. सरकारी ड्रोन-नकाशावरच्या हिरव्या, म्हणजे मोकळ्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत जाता येतं. पण सणासुदीला पोलीस वेगळे मनाई आदेशही काढतात, म्हणून विचारलेलं बरं, असा विचार करून मी अर्ज घेऊन ठाण्यात गेलो. टेबलावरच्या हवालदारांनी ड्रोन हातात घेऊन उलटासुलटा केला.

"टाकी कुठाय?"

"साहेब, हा कॅमेऱ्याचा आहे. फवारणीचा नाही."

"मग एकराला घेता किती?"

त्यांचं चुकत नव्हतं. हा द्राक्षांचा आणि बेदाण्याचा मुलूख. दसरा म्हणजे बागांच्या छाटणीचे दिवस. ढग आले की डाऊनी रोगाची धास्ती. इथं ड्रोन म्हणजे औषध मारायचं यंत्र, एवढा सरळ हिशेब. औषध न मारता नुसतं वर जाऊन खाली येणाऱ्या यंत्राची किंमत मी सांगितली, तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "घरात माहीत आहे का?"

शेवटी अर्जावर शिक्का मिळाला. गर्दीच्या डोक्यावर न्यायचा नाही, उसाच्या बाजूलाच ठेवायचा. मला तेच हवं होतं.

आता बॅटरी. खोक्यावर तीस मिनिटं छापलेली असतात. ती बंद खोलीत, वारा नसताना, बहुधा उडवणाऱ्याचं लग्न झालेलं नसताना. प्रत्यक्षात वीसेक मिनिटांत यंत्र परत बोलवावं लागतं. कार्यक्रम मात्र रात्रभराचा. म्हणजे नेमका कधी उडवायचा, हा सगळ्या प्रकरणातला खरा प्रश्न. मेहुणा फोनवर मंडळाच्या पोरांना विचारत होता आणि दर वेळी एकच उत्तर येत होतं, "आता हुईल की सुरू." हे वाक्य ऐकून पहिली बॅटरी वर गेली. वर जाऊन तिनं कडेच्या रस्त्यावरची वाहतूककोंडी, भेळेच्या गाड्या आणि पाळणा यांचं अतिशय सुंदर चित्रण केलं. बॅटरी उतरली, ड्रोन खाली आला, मी ती काढून हातात धरली, आणि पहिला मोठा औट फुटला.

दुसरी बॅटरी घालून वर गेलो, तेव्हा कॅमेऱ्यानं रंग दाखवले. दाखवले म्हणजे घालवले. ऑटोवर ठेवलेल्या कॅमेऱ्याला अंधार सोसत नाही. काळं दिसलं की तो जिवाच्या आकांतानं उजेड ओढायला लागतो, आणि त्याच क्षणी समोर औट फुटला की स्ट्रॉन्शियमचा लाल, बेरियमचा हिरवा सगळं एकाच पांढऱ्या धुण्यात निघतं. म्हणून सगळं हातानं लावायचं. आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची ताकद, शंभर-दोनशेच्या आसपास, शटर सेकंदाचा पन्नासावा भाग, फोकस अनंतावर. हे मला पाठ होतं. मात्र मागून "दाजी, काळं दिसतंय, उजेड वाढवा" असं सात-आठ जण एका सुरात सांगत असताना अनंतावर फोकस ठेवायला संताचीच वृत्ती लागते.

त्यात अंधारात ड्रोनच्या पोटाखालचे डोळे मिटतात. दिवसा तो जमीन बघून जागेवर थांबतो. रात्री नुसत्या उपग्रहांच्या भरवशावर. 'प्रकाश अपुरा' असा इशारा स्क्रीनवर आला आणि तो एका आजोबांनी मोठ्यानं वाचून दाखवला. मग धूर. धुराच्या खालच्या अंगाला गेलात तर पुढची दहा मिनिटं नुसता कापूस दिसतो. म्हणून वारा कुठून येतो ते बघून वरच्या अंगाला उभं राहायचं. ती जागा उसाच्या बांधावर निघाली. बांधावर पाणी सोडलेलं होतं. जावयाचे नवे बूट होते. एवढंच.

"दाजी, औटाच्या मधनं काढा की!"

ही मागणी रात्रभर होती. परदेशातल्या कुणीतरी फुटत्या आतषबाजीतून ड्रोन घुसवल्याचा व्हिडिओ मेहुण्यानं बघितला होता. मी समजावलं. तीन इंची गोळा साधारण तीनशे फुटांवर फुटतो असा ढोबळ हिशेब असतो, पण तो कारखान्यातल्या गोळ्याचा. इथला औट मंडळाच्या इभ्रतीवर उडतो, तो किती वर जाईल हे करणाराही सांगत नाही. मला कायद्यानं ४०० फुटांची मर्यादा, त्याला कसलीच नाही. मेहुणा हलला नाही. मग मी त्याला पेशव्यांच्या बखरीतला प्रसंग सांगितला. महादजी शिंद्यांनी सवाई माधवरावांना राजस्थानातल्या कोट्याच्या दिवाळीचं वर्णन केलं. तिथला राजा दारूची लंका उभी करतो, राक्षस दारूचे, माकडं दारूची, मारुती दारूचा. मारुतीच्या शेपटीला बत्ती दिली की तो हवेतून जाऊन लंका पेटवतो. पेशव्यांनी हौसेनं तसाच खेळ पुण्यात पर्वतीपाशी करवून घेतला.

"म्हणजे आतषबाजीच्या मधोमध उडत शिरलेला आपल्याकडचा पहिला गडी मारुतीच," मी म्हणालो, "आणि शेवटी त्याचंही काही उरलं नसणार. तो पेशव्यांच्या खर्चानं होता. हा माझ्या हप्त्यांवर आहे."

हप्ते म्हटल्यावर पटलं.

खरं सांगायचं तर वरून घेण्यात फारसा अर्थ नाही, हे मला तिथं उमगलं. औट फुटतो तो चहूबाजूंनी गोल. खालून बघा, शेजारून बघा, तसाच. जमिनीवरच्या कामाचं तर उलटंच होतं. मंडळाच्या पोरांनी रात्री जागून बांधलेलं दारूचं नारळाचं झाड, समोरून बघताना अंगावर काटा आणणारं, वरून एक पांढरा ठिपका दिसलं.

"हे आमचं झाड?" मेहुण्याचा आवाज बसला. त्यानंतर बराच वेळ तो माझ्याशी बोलला नाही. ती माझी त्या रात्रीतली सगळ्यात निवांत दहा मिनिटं.

वरून खरोखर बघण्यासारखी होती ती माणसं. एक औट फुटला की अख्खं मैदान उजळायचं आणि हजारो तोंडं एकदम वर, आ वासून. पुन्हा अंधार. पुन्हा तोंडं. हे मी दाखवायला गेलो, तर घरच्यांचं म्हणणं, "यात आपली म्हातारी कुठाय?" मग जो तो आपला स्लॅब, आपलं बेदाण्याचं शेड, आपली नवी गाडी शोधू लागला. एका काकांना शेजाऱ्यानं बांध कोरलाय की नाही ते वरून बघायचं होतं. रात्री. आतषबाजीच्या उजेडात.

दुसऱ्या दिवशी सगळे टीव्हीपुढे जमले. व्हिडिओ सुरू झाला आणि खोलीत शांतता पसरली. कौतुकाची नव्हे.

"आवाज?" सासरे म्हणाले.

"मामा, ड्रोनला आवाज नसतो." बहुतेक ड्रोनमध्ये माईकच नसतो, पंख्यांच्या घरघरीपुढे दुसरं काही ऐकू येणार नाही म्हणून कंपन्या तो देतच नाहीत. हे मी सविस्तर सांगितलं. छातीत दणका बसावा म्हणून जिथं लोक लांबून येतात, तिथला मी मुका चित्रपट आणला होता.

मेहुण्याचा अकरावीतला पोरगा म्हणाला, "थांबा, करतो." मामींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, स्लॅबवरून फोनवर व्हिडिओ घेतला होता. त्यात चित्र म्हणून शेजाऱ्यांची पाण्याची टाकी होती, पण आवाज दणकून आला होता. पोरानं तो आवाज उचलून माझ्या चित्रावर बसवला आणि कुणालाही न विचारता भावकीच्या ग्रुपवर सोडून दिला.

चारशे फुटांवरून दिसणारं तासगाव तालुक्याचं भव्य दर्शन. काळोख. एक लाल फूल उमलतं. धडाऽऽम! आणि पाठोपाठ मामी, "आगं, दूध झाकलंस का?" हिरवं फूल. धडाऽऽम! "पाव्हणं अजून जेवल्यालं न्हाईत. त्यास्नी म्हणावं, ते इमान उतरवा आन् भाकरी खाऊन घ्या." सोनेरी पाऊस, अख्खं मैदान उजळतं, हजारो तोंडं वर होतात. "झाकलंस का न्हाई दूध?"

दोन दिवस फोन थांबेनात. पुण्यातून, मुंबईतून, एक तर दुबईतून. माझ्या शटरबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. सगळ्यांना एकच विचारायचं होतं, दूध झाकलं होतं का.

नव्हतं. मांजरानं प्यायलं.