विश्वविजेता नेमका कोण?

व्यावसायिक मुष्टियुद्धाची लोकप्रियता त्यातील हिंसेमुळे ओसरली, असे अनेक जण म्हणतात. मला ते पुरेसे वाटत नाही. १९८२ मध्ये लास व्हेगासला रे मॅन्सिनीविरुद्धच्या लढतीनंतर दक्षिण कोरियाचा डुक कू किम मरण पावला, लोक हादरले आणि विजेतेपदाच्या लढती पंधराऐवजी बारा फेऱ्यांच्या झाल्या, हे खरे आहे. पण लाथा आणि कोपरांचे प्रहार चालणारे यूएफसी (मिश्र मार्शल आर्ट्सच्या लढती भरवणारी कंपनी) पुढच्या काळात फोफावले, मग प्रेक्षकांना केवळ हिंसेचाच तिटकारा आला असे कसे म्हणावे?

माझ्या मते मोठे नुकसान पडद्याने केले. सप्टेंबर १९७८ मध्ये मुहम्मद अलीने लिऑन स्पिंक्सकडून विजेतेपद परत मिळवले, तेव्हा ती लढत एबीसी या फुकट दिसणाऱ्या वाहिनीवर अमेरिकेतील घराघरांत दिसली. पुढे मोठ्या लढती आधी सशुल्क केबलवर आणि नंतर प्रत्येक लढतीचे वेगळे पैसे मोजावे लागतील अशा व्यवस्थेत गेल्या. मेवेदर आणि पॅकियाओ यांच्या लढतीसाठी २०१५ मध्ये सुमारे ४६ लाख ग्राहकांनी प्रत्येकी जवळपास शंभर डॉलर मोजले. हा उत्पन्नाचा विक्रम होता, परंतु त्या लढतीची बोलणी २००९ पासून रखडलेली होती आणि दोघे रिंगणात समोरासमोर आले तेव्हा मेवेदर ३८ वर्षांचा, तर पॅकियाओ ३६ वर्षांचा झाला होता. आहे त्या चाहत्याकडून अधिक पैसे मिळाले, पण फुकट पाहता पाहता या खेळाच्या प्रेमात पडणारा शाळकरी मुलगा मात्र कायमचा दुरावला. १९७३ पासून मुष्टियुद्ध दाखवणाऱ्या एचबीओ या सशुल्क केबल वाहिनीनेही २०१८ मध्ये त्यातून अंग काढून घेतले.

दुसरा दोष मला अधिक अस्वस्थ करतो. चार प्रमुख संघटना, सतरा वजनगट आणि प्रत्येक संघटनेचा विजेतेपदाचा स्वतंत्र पट्टा. त्यातही त्यांपैकी डब्ल्यूबीए ही संघटना एकाच वजनगटात ‘सुपर’ आणि ‘रेग्युलर’ असे दोन विजेते ठेवते. विजेतेपदाच्या लढतीमागे संघटनेला शुल्क मिळते, त्यामुळे पट्टे कमी करण्यात कुणाचाच लाभ नसतो. पूर्वी हेवीवेट, म्हणजे सर्वांत जड वजनगटाच्या, विजेत्याचे नाव खेळात रस नसलेल्यालाही ठाऊक असे, आज चाहत्यालाही आधी कोणत्या संघटनेचा विजेता, हे विचारावे लागते.

यावर यूएफसीसारखी एकाच कंपनीची सत्ता हा उपाय मला मान्य नाही, कारण तेथे एकूण उत्पन्नातील खेळाडूंचा वाटा आघाडीच्या मुष्टियोद्ध्यांच्या तुलनेत फारच तोकडा असतो. मात्र संघटनांनी निदान रिंगणातील निकालाचा मान राखावा, एवढी अपेक्षा रास्त आहे. १८ मे २०२४ रोजी रियाधमध्ये ओलेक्सांद्र उसिकने टायसन फ्युरीला हरवले आणि सुमारे पाव शतकानंतर हेवीवेट गटाला एकमेव, निर्विवाद विजेता लाभला. फ्युरीशी पुन्हा लढण्याचा करार आधीच झालेला होता आणि चारांपैकी आयबीएफ या संघटनेला मात्र उसिकने तिचा अधिकृत आव्हानवीर डॅनियल ड्युबोइस याच्याशी लढावे असे हवे होते. परिणामी रियाधच्या त्या मे महिन्यातील लढतीला दीड महिनाही उलटला नव्हता, तोच उसिकला आयबीएफचा पट्टा सोडून द्यावा लागला.