ऋषीचं कूळ, कोळ्याचं कूळ

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात. ही म्हण ज्याने केली त्याने पालापाचोळा कधी चाळला नसावा, नाहीतर कोळ्याचा नंबर पहिला लागला असता.

माझा कोळी दीड मिलिमीटरचा आहे. आहे म्हणजे, मघापर्यंत होता.

झाडाखालचा ओलसर पाचोळा चाळणीतून पांढऱ्या कापडावर झटकायचा आणि त्या कचऱ्यातला कुठला कण चालायला लागतो ते बघत उकिडवं बसायचं, अशी या छंदाची रीत. पायाला मुंग्या येतात, कापडावरही मुंग्याच येतात. पाऊण तासाने एक नारिंगी ठिपका चालला, थांबला, पुन्हा चालला. मी आनंदाने नाकातून श्वास सोडला. ठिपका गेला. पाऊण तास पुन्हा पहिल्यापासून.

दुसरा ठिपका मात्र ओल्या कुंचल्याला चिकटून निमूट अल्कोहोलच्या कुपीत उतरला. सूक्ष्मदर्शकाखाली बघतो तर काय थाट! कोळ्यांना सहसा आठ डोळे असतात. याला सहाच, तेही एका बाकावर सहा जण कोंबल्यासारखे. पोटाला वरून एक, खालून एक अशा चकचकीत तांबूस ढाली. कूळ लगेच कळलं: ऊनोपिडी. नावात ऊन असलं तरी प्राणी उन्हाचं तोंड न बघणारा. दिवसा पानांखाली दडतो, रात्री शिकारीला निघतो, सापळ्याचं जाळं विणायच्या भानगडीत पडत नाही. इंग्रजीत या मंडळींना गॉब्लिन, म्हणजे खोडकर बुटकं भूत म्हणतात. ते पटायला मला अजून तासभर होता.

यूजीन सिमाँ या फ्रेंच अभ्यासकाने 1890 मध्ये हे कूळ मांडलं आणि त्याचे दोन सुटसुटीत गट केले: चिलखतवाले आणि मऊ. वाचून माझा जीव भांड्यात पडला. आपल्याकडे ढाली आहेत, म्हणजे निम्मं कूळ एका फटक्यात बाद! पुढचं पान उलटलं तर काही वंशांत, म्हणजे कुळातल्या पोटगटांत, नर चिलखतात आणि मादीची पाठ उघडी. या हिशेबाने नवरा एका गटात, बायको दुसऱ्या. त्यामुळे चिलखतावरून नाती जोडणं अभ्यासकांनी कधीच सोडलंय. बरं, डोळे मोजावेत, तर सहा हा नुसता बहुमताचा कौल. काहींना चार, काहींना दोन, आणि गुहेत राहणाऱ्या काहींना एकही नाही.

जात ठरवायची तर भरवसा मुख्यतः नराच्या पाल्पवर, म्हणजे तोंडाजवळच्या त्या दोन आखूड अवयवांच्या टोकांवर. मादीत बाहेरून फारसं काही दिसत नाही. ट्रायेरिस स्टेनास्पिस नावाच्या जातीत तर नराचा पत्ताच नाही. माद्या नराविना अंडी घालतात, त्यातून पुन्हा माद्याच. त्यांचं अडत नाही, अडतं आमचं.

2006 मध्ये नॉर्मन प्लॅटनिक यांच्या पुढाकाराने देशोदेशीच्या अभ्यासकांनी या एकाच कुळाचा धांडोळा घ्यायचं ठरवलं. तेव्हा जाती होत्या सुमारे 500. आज त्या 1,800 च्या वर गेल्यात. कपाट आवरायला घ्यावं आणि घरभर पसारा व्हावा, तसं. माझ्याजवळची ओळखीची किल्ली, म्हणजे एकेक प्रश्न विचारत प्राण्याच्या नावापर्यंत नेणारी यादी, या पसाऱ्याच्या आधीची. तिचा प्रश्न: ढाल पोटाचा बहुतेक भाग झाकते? असेल तर चौदावर जा. गेलो. चौदा विचारतं: पाल्पचं टोक फुगीर की किंचित फुगीर? किंचित म्हणजे किती? कशाच्या मानाने? शेजारी ठेवून बघायला दुसरा कोळी मी कुठून आणू? तो तर श्वासाबरोबर गेला!

नीट दिसावं म्हणून सुईने त्याला उताणा करायला गेलो. तीनदा तो गोल फिरून होता तसाच बसला. चौथ्यांदा उताणा झाला. मी भिंग जुळवलं, सुई जरा हलली, आणि भिंगाखाली उरलं स्वच्छ अल्कोहोल.

"अजून त्याच कचऱ्यात?" दारातून आवाज आला.

"कचरा नाही, कूळ आहे," मी मान न उचलता म्हटलं. मान उचलली जातच नव्हती.

बशी, सुई, कुंचला, माझी बाही, सगळं तपासलं. एक नारिंगी ठिपका सापडला, तो मातीचा निघाला. शेवटी बशीतलं सगळं, मातीसकट, कुपीत ओतलं आणि शिस्तीत चिठ्ठी लिहिली. कूळ: ऊनोपिडी. वंश: रिकामा. जात: रिकामी. नर की मादी: प्रश्नचिन्ह. कुपीत कोळी आहे का, असा रकाना सुदैवाने चिठ्ठीवर नसतो.